भांडी घरी आल्यावर

नौपाडा, ठाणे
दि. १० ऑगस्ट १९९८

ती. ताईस,

शकूचा नमस्कार. आम्ही सगळे मजेत. तुम्हीही नाशकात मजेत असाल असं धरून चालते. पंढरीभावोजींना नमस्कार, तुझ्या सासूबाईंना नमस्कार, आणि त्यांच्या बोक्यालाही सांग, गेल्या वेळी माझी ओढणी फाडली तरी माझा त्याच्यावर राग नाही.

पत्र बघून दचकू नकोस. मी माफीबिफी मागायला लिहीत नाहीये. पाडव्याला तू अर्धं श्रीखंड ताटात टाकून तरातरा निघून गेलीस, ते मी खाल्लं, विषय संपला. हे पत्र कामाचं आहे. शुद्ध धंद्याचं.

आधी घरच्या बातम्या. गणपती तोंडावर आलेत, त्यामुळे बाबा सध्या जमिनीवर नसतातच, कुठल्या तरी मांडवाच्या बांबूवर असतात. टेंभी नाक्याला परवा मी त्यांना खालून हाक मारली तर वरून म्हणाले, "काम असेल तर वर ये!" साठीला टेकलेला माणूस! आई कोलशेतच्या गोदामात टोप घासून घेतेय आणि घासणाऱ्या बायकांना तुझं कौतुक सांगतेय. माझं नाही सांगत. मी समोर असते ना, मग काय!

आता काम. ‘पंगत’चं, आपल्या भांड्यांच्या नोंदणीच्या प्रोग्रामचं.

माझ्यापुढे सध्या दोन पंगती आहेत. एक तुझी, डॉसवर चालणारी, काळ्या पडद्याची. दुसरी मी केलेली, विंडोजवर चालणारी, छान मराठी अक्षरांची. ठाण्या-कल्याणच्या आपल्या मांडववाल्या आणि भांडीवाल्या गिऱ्हाइकांपैकी निम्मी तुझ्या पंगतीला बसलीत, निम्मी माझ्या. गंमत अशी, की कुणी काहीही नवीन मागितलं की मला ते दोनदा करावं लागतं. कल्याणच्या एकाला खुर्च्यांची कव्हरं खुर्च्यांपासून वेगळी मोजायची होती. माझ्या पंगतीत केलं, झालं. मग तेच तुझ्या पंगतीत घालायला बसले, तर कव्हरं मोजायला लागली आणि ताटं मोजायची बंद झाली. डोंबिवलीचा उत्तम डेकोरेटर फोनवर विचारतो, "शकूताई, लोक कव्हरांत जेवणार का?"

हसू नकोस. तुझा प्रोग्राम चांगलाच आहे, मी कधी नाही म्हटलं? (पाडव्याला म्हटलं असेन, पण तू काय काय म्हणालीस तेही आठव.) आपले टोप बाळकुमला कुणाच्या तरी हळदीत रमले होते आणि कळव्यात वऱ्हाड उपाशी बसलं होतं, त्या दिवसानंतर तू क्लास लावलास आणि ‘पंगत’ लिहिलीस. आपल्या आगऱ्यांत हळद लग्नापेक्षा मोठी, तेव्हा भांडी आदल्या दिवशीच निघणार, हे समजणारा दुसरा प्रोग्राम अख्ख्या मुंबईत मिळायचा नाही. आणि दुकान बंद करताना तो विचारतो ना, रोमन अक्षरांत, ‘जेवलात का?’ नाही म्हटलं की ‘आधी जेवा’ म्हणतो आणि बंदच होत नाही. बाबा दुपारचं जेवण विसरतात म्हणून तू ते घातलंस. ते बघून मला अजून... असो.

तर प्रश्न दोन. जुनी पंगत कधी बंद करायची? आणि नवीन चालवायला गिऱ्हाइकाकडे काय मागायचं, विंडोज ९५ की आता आलंय ते ९८? उत्तम म्हणतो, "९८च करून टाका, माझ्याकडे आलंय." त्याच्याकडे आलं म्हणून सगळ्यांनी घ्यायचं काय? उद्या तो हेलिकॉप्टर घेईल.

पाडव्याला तू विचारलंस, "हे शेवंतीमावशीच्या मशीनवर चालेल?" मी म्हटलं, नाही, सगळ्या गिऱ्हाइकांत तिचंच मशीन जुनं. तू म्हणालीस, "मग कुणासाठी केलंस?" आणि मग मी जे म्हणाले ते मी इथे लिहीत नाही. प्रोग्राम तुझा आहे, म्हणून तुझ्या होकाराशिवाय मी तो बंद करणार नाही. तेवढी रीत मला कळते. तेव्हा उत्तर टाक. दोन ओळींचं कार्डही चालेल.

कामापुरतीच लिहिणारी,
शकू

ता. क. आई विचारतेय, दुपारी झोपतेस की नाही. मी नाही विचारत.


नौपाडा, ठाणे
दि. १४ सप्टेंबर १९९८

ती. ताईस,

नमस्कार. कार्ड आलं नाही. भावोजींचा फोन मात्र आला. म्हणाले, "तुझं पत्र तिने मला मोठ्याने वाचून दाखवलं, तुझ्या आवाजात, हातवाऱ्यांसकट." माझी नक्कल करतेस होय गं? करतेस तर निदान बरी करतेस का, हे विचारलं मी. ते म्हणाले, "अगं, मला वाटलं तूच आलीस!"

मग म्हणाले, पोळ्या लाटता लाटता तू भिंतीला सांगितल्यासारखं बोललीस, की शकूने जे स्वतः वापरलेलं नाही ते लोकांकडे मागू नये. भिंतीने निरोप पोचवला. मी माझा सगळा कोड धुंडाळला. ९८मधलं मी काय वापरलंय? काही नाही! एक खिळासुद्धा नाही. मग ते मागायचं कशाला? झालं ठरलं, ९५ पुरे. उत्तम जरा हिरमुसला. त्याला सांगितलं, तुझ्या ९८वर पण चालेल बाबा, उड्या मार. तुझे आभार मी मानत नाही, कारण तू माझ्याशी बोललीच नाहीस, भिंतीशी बोललीस.

आता ऐक माझा पराक्रम. हसायचं तर आत्ताच हसून घे, पुढे थोडं वेगळं आहे.

मी ठरवलं, गणपती गेले की नवरात्रापर्यंत मांडववाले रिकामे असतात. शिकायला वेळच वेळ. म्हणून तुझ्या होकाराची वाटही न बघता (रीत मोडली, कबूल) सगळ्या गिऱ्हाइकांना छापील पत्र धाडलं, की दहा सप्टेंबरपासून जुनी पंगत बंद, नवीन मशीन घ्या, नवीन प्रोग्राम बसवून घ्या, सोबत पेढे मोफत.

दहा सप्टेंबर! ताई, पितृपक्ष! मांडववाल्याच्या घरात जन्मले, पंचांग बघून भांडी देणाऱ्या आईच्या पोटी जन्मले, आणि पितृपक्षात लोकांना नवीन वस्तू घ्यायला सांगते, वर पेढे! फोन थांबेनात. उत्तम म्हणाला, "शकूताई, माझे आजोबा कावळा होऊन येतील आणि मॉनिटरला चोच मारतील." कल्याणच्या एकाने फोनवर नुसतं ‘राम राम राम’ म्हटलं आणि ठेवून दिला. आणि आई! आईने पत्र वाचून घेतलं, पदर खोचला आणि चालू झाली. "अगो पोरी, पितरांचे पंधरवड्यान नवीन वस्तू कोन घेतं गो? येडी झायलीस काय? तुजी ताई असती तं तिनं तुला असा करू दिला नसता!"

हे वाक्य तिने दिवसभरात बऱ्याच वेळा म्हटलं. मला राग यायला हवा होता. नाही आला. खरंच, तू असतीस तर कॅलेंडर माझ्या डोक्यात घातलं असतंस.

दुसऱ्या दिवशी चेंदणीहून शेवंतीमावशी आली. जिना चढून, धापा टाकत, पिशवीत सुके बोंबील. ते बोंबील तुझ्या नावाने दिलेत, पण मी खाणार आहे, उशीर केलास. मी म्हटलं, "मावशे, पितृपक्षाचं चुकलं माझं, दसऱ्याला घे मशीन." तर म्हणाली, "मशीन मना भाचा देतंय गो. मशीनचा काय नाय. पन तुजी नवीन पंगत मना नको. ती मुकी हाय."

मी म्हटलं, मुकी कशी? चित्रं आहेत, रंग आहेत, मराठी अक्षरं आहेत.

"ती जेवलीस का इचारत नाय," मावशी म्हणाली. "आमचा मानूस गेल्यापासून माजे घरान दुसरा कोन इचारतं मना?"

मग मी एकेकाला फोन करून विचारलं. खरंच सांग म्हटलं, मशीनमुळे अडलंय का? काहींचं मशीनमुळे, काहींचं सवयीमुळे. पण बरेच जण हेच बोलले, लाजत लाजत. भिवंडीचा तो मिशाळ मांडववाला, ज्याला मी घाबरते, तोसुद्धा म्हणतो, "ते जेवायचं विचारायचं ना, ते बरं वाटायचं हो." आणि मी इतके महिने बसून फाँट बदलत होते!

आता तुला प्रश्न पडला असेल, की मी ते काढलंच का. मागच्या पत्रात मी हे सांगायचं गाळलं होतं, तुला कळलंही असेल. तुझ्यापासून काय लपतंय! पोरकट वाटलं म्हणून काढलं असं मी सगळ्यांना सांगते. खोटं आहे. तू लग्न होऊन गेलीस, ऑफिसात मी एकटी उरले, आणि रोज संध्याकाळी मशीन बंद करताना तो काळा पडदा तुझ्या आवाजात विचारायचा, जेवलात का. मी रोज रडायचे गं. मला नवीन पंगतीत ते नकोच होतं. तू नाहीस तर तुझा आवाज तरी कशाला, असं वाटायचं मला. आता लिहिलं एकदाचं. पाणी पिऊन येते.

आले. तर ‘कधी’चा निकाल आईने लावला. मी विचारलं, जुनं नेमकं कधी बंद करायचं? तिने विचारलं, बाबांनी गोदाम ढोकाळीहून कोलशेतला आणलं तेव्हा कधी आणलं, आठवतं का? मला कुठलं आठवणार, मी फ्रॉकात होते. ती म्हणाली, "लग्नसराई सरल्यावर. भांडी भायेर हान तवर गोदाम हलवाचा नाय. अर्धी भांडी इकडं, अर्धी तिकडं, मंग टोप कुठं न झाकन कुठं! सगली भांडी घरी येऊ दे, मोजून घे, मंग हलव."

मी बघतच राहिले. हेच तर उत्तर आहे! प्रत्येकाच्या पंगतीत पुढच्या लग्नांची नोंदणी आहे, भांडी बाहेर गेलेली आहेत, परत यायची आहेत. मधेच पंगत बदलली तर कुणाचं काय कुठे गेलं याचा पत्ता लागायचा नाही. म्हणून आता असं ठरलंय. पितृपक्षात घ्यायचं काही नाही, फक्त शिकायचं, ते कुठल्याच पितराला चालतं. रोज दुपारी इथे माझ्या मशीनवर शिकवणी चालू आहे. दसऱ्याला ज्याला घ्यायचं त्याने मशीन घ्यावं, नवीन नोंदणी नवीन पंगतीत करावी, जुनी लग्नं जुन्या पंगतीतच पार पडू द्यावीत. आणि पुढच्या आषाढीनंतर, लग्नं थांबली, सगळ्यांची सगळी भांडी घरी आली, की जुनी बंद. तोवर दोनदा काम करीन. मरत नाही मी त्याने.

शिकवणीला मावशीही येते. माऊस धरते तो जिवंत खेकडा धरल्यासारखा, वरून, दोन बोटांनी. पण येते. म्हणते, "इचारनार आसंल तं शिकतंय."

तर ताई, ते ‘जेवलात का’ परत घालायला मी बसले. एक ओळ आहे. शेंबडं पोरही लिहील. मी लिहून पाहिली, चालवून पाहिली, पुसली. परत लिहिली, परत पुसली. माझ्या हातून ती नुसती चौकशी वाटते. ती ओळ तुझी आहे, तूच लिहून पाठव. विंडोजमधलं तुला येत नाही हे माहीत आहे, तू नुसते शब्द पाठव, मी बसवीन. एवढंच मागणं आहे. म्हणजे, एवढंच नाही, पण आज एवढंच.

रागावलेली असलीस तरी तुझीच धाकटी,
शकू


नौपाडा, ठाणे
दि. २ ऑक्टोबर १९९८, दसऱ्याचा दुसरा दिवस

ताई! ए ताई! ताई गं!

ती.-बिती. गेलं उडत. नमस्कार सोनं देताना करीन.

तुझं पाकीट परवा आलं. पत्र नाही, चिठ्ठी नाही, नुसती फ्लॉपी, आणि ती मोडू नये म्हणून सासूबाईंच्या औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा. मी म्हटलं, शब्द मागितले तर बाईने फ्लॉपी का धाडली? लावली. आणि मी खुर्चीतून उठलेच. माझ्या नव्या पंगतीला जोडायचा अख्खा तुकडा, विंडोजमध्ये लिहिलेला!

तुला विंडोजमधलं येतं! मला सांगितलं नाहीस! भावोजींना तडक फोन लावला. ते आधी हसले पोटभर, मग म्हणाले, "पाडव्याहून आली ती दुसऱ्या आठवड्यात क्लास लावून मोकळी झाली. शकूला सांगायचं नाही अशी आम्हाला ताकीद होती." माझ्यावर चिडून श्रीखंड टाकून गेलेली बाई, आणि क्लास कसला लावते, तर माझ्याच विंडोजचा! अगं लबाड! आणि मी इथे तुला ‘नुसते शब्द पाठव, मी बसवीन’ म्हणून समजावतेय!

काल दसरा. मशीनची पूजा केली, झेंडूची माळ घातली, आणि आईबाबांना समोर बसवून, माझ्या पंगतीला जोडून तुझं चालवलं. पहिल्यांदा शेवंतीमावशीच्या जुन्या मशीनवर, मुद्दाम, ती काल घेऊनच आली होती, रिक्षात मांडीवर ठेवून. मला वाटलं, तिथे ते बोंबलत पडणार. तर तुझ्या प्रोग्रामने आधी मशीन तपासलं, आणि रोमन अक्षरांत, तुझ्या जुन्या पद्धतीने लिहिलं, ‘हे मशीन अजून जुनं आहे. तुमची जुनी पंगत चालू ठेवा. घाई नाही.’ ताई, पाडव्याला तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तू स्वतःच लिहून पाठवलंस. मला ते सुचलंच नव्हतं. मी लोकांना दारातून परत पाठवत होते, तू त्यांना बसायला पाट दिलास.

मग भाच्याने दिलेलं नवीन मशीन लावलं. तिथे ते झ्याक चाललं. मावशीने खेकडा धरून स्वतः एका हळदीची नोंदणी केली. भांडी आदल्या दिवशीच निघणार, हे त्याने बरोबर धरलं. मग तिने बंद करायला दाबलं, आणि पडद्यावर आलं, मोठ्या मराठी अक्षरांत, ‘जेवलात का?’

मावशीने पदर तोंडाला लावला. म्हणाली, "ही तुजी नंदाताईच बोलतंय." बाबा म्हणाले, "मी नाही जेवलो," आणि खरंच जेवले नव्हते! दसऱ्याच्या दिवशी! आई उठून त्यांच्यावर जे ओरडायला लागली, तेवढ्यात मावशी ‘नाही’ दाबून बसली, आणि प्रोग्राम म्हणतो, ‘आधी जेवा.’ मग काय, तिथेच पुऱ्या आल्या, बटाट्याची भाजी आली, उत्तम डोंबिवलीहून जिलब्या घेऊन आला होता त्या उघडल्या. सगळे मशीनभोवती जेवलो. मग मावशीने ‘हो’ दाबलं आणि ते शहाण्यासारखं बंद झालं. आम्ही टाळ्या वाजवल्या. खालच्या दवाखान्यातले डॉक्टर वर बघायला आले, त्यांनाही जिलबी दिली.

सगळे गेल्यावर मी माझं नाव घालून एकदा चालवलं. बंद करायला दाबलं. ‘शकू, माझं श्रीखंड कुठाय?’ असं आलं.

ताई, मी इतकी हसले की आई धावत आली, आणि मग इतकी रडले की ती बसलीच. तिने वाचायला लावलं. मग तीही रडली आणि हसली आणि म्हणाली, "घरान तं ये म्हन तिला, मंग देते श्रीखंड." खाली ‘आहे’ आणि ‘नाही’ अशी दोन बटणं दिलीस. मी ‘आहे’ दाबलं. चक्का बांधलाय गं, खरंच बांधलाय, फडक्यात, मोरीच्या वरच्या खिळ्याला.

आता खरं मागणं. गेल्या पत्रात जे गिळलं ते.

मला शब्द नकोत, ओळ नको, फ्लॉपीही नको. मला तू हवीस. पाहुणी म्हणून नाही. पंगत तू सुरू केलीस, आणि मी चार वर्षं ती एकटीने वाढते आहे, माझे हात भरून आलेत. तू नाशकातूनच कर, पोस्टाने फ्लॉप्या येतील-जातील, महिन्यातून एकदा ये, नाशकात मांडववाले नाहीत का? तिथल्या पंगती तू बघ. भावोजींना विचारलं, ते म्हणाले, "मला काय विचारतेस, ती मला विचारून रागावते का?" सासूबाईंना फोन दिला त्यांनी. त्या म्हणाल्या, बोका त्या सांभाळतील. तेव्हा तिकडून कुणाची आडकाठी नाही. फक्त तुझा होकार हवा, आणि तो मला भिंतीकडून नको, भावोजींकडून नको, तुझ्या तोंडून हवा.

आणि अजून एक. जुनी पंगत पुढच्या आषाढीनंतर बंद होईल, सगळ्यांची भांडी घरी आली की. मोजून घ्यायला मी असेनच. पण शेवटची कळ मी दाबणार नाही. ती ज्या बाईने लिहिली तिनेच दाबायची, माझ्या शेजारी बसून, दोघींची जेवणं झाल्यावर. तुझी खुर्ची मी पुसून ठेवलीय. तिच्यावर फायली ठेवायचे, त्या उचलल्या. सध्या तिथे चक्क्याचं रिकामं पातेलं आहे, ते काढते.

ताई, येशील ना? ‘हो’ किंवा ‘नाही’, एवढंच लिही. आणि ‘नाही’ लिहिलंस तर तुला माहीतच आहे आपल्या पंगतीचं काय होतं.

तुझा ‘हो’ येईपर्यंत बंद न होणारी,
तुझी शकू